बोलायला बंदी नाही, मग आडून का बोलतात? (अमेरिकी पुढारी, वर्णद्वेष आणि अभिव्यक्तिस्वातंत्र्य)

चौकस
अमेरिकेत वर्णद्वेषी बोलणं हा गुन्हा नाही. पहिल्या घटनादुरुस्तीच्या जोरावर तिथे कुणीही चौकात उभं राहून एखाद्या वंशाला हीन म्हणू शकतो. आपल्याकडे हेच केलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम १९६ (गटागटांत वैर पसरवण्याबद्दलचं) आहे. इथवर कळलं.

प्रश्न त्यापुढचा आहे. कायद्याची भीतीच नसेल तर तिथले पुढारी गेली साठेक वर्षं आडवळणाने का बोलतात? 'कायदा आणि सुव्यवस्था', 'राज्यांचे हक्क', 'फुकटे सरकारी लाभार्थी'. विरोधक म्हणतात हा वर्णद्वेष, समर्थक म्हणतात पुरावा दाखवा. आणि भाषण संपताना दोन्ही पक्ष 'जगातला सर्वांत महान देश' हे म्हणतातच. या तिन्ही गोष्टींचं एकमेकींशी काही नातं आहे का? जाणकारांनी लिहावं. धागा 'ट्रम्प चांगला की वाईट' या वळणावर नेऊ नये.

टवाळ
शेवटचं वाक्य वाचून ड वर्गातल्या मुलांना 'शांत बसा' सांगून बाहेर गेलेले सर आठवले.

निळी_शाई
चौकस, तुमचं पहिलं वाक्य बरोबर आहे, पण जरा ढोबळ. कायदा आधी नीट मांडते, मग बाकीच्यांनी राजकारणावर लिहावं.

आजची कसोटी 'ब्रँडेनबर्ग विरुद्ध ओहायो' (१९६९) या खटल्यातली. ओहायोतल्या हॅमिल्टन काउंटीत एका शेतावर कू क्लक्स क्लॅन या गोऱ्यांच्या वर्चस्ववादी संघटनेची सभा झाली. बुरखे घातलेले बाराजण, काहींच्या हातात बंदुका, मधोमध जळता क्रूस. प्रेक्षक म्हणाल तर फक्त सिनसिनाटीच्या टीव्ही वाहिनीची माणसं, आणि त्यांनाही क्लॅननेच बोलावलेलं. त्यांचा पुढारी ब्रँडेनबर्ग म्हणाला, की सरकार गोऱ्यांना असंच दडपत राहिलं तर सूड घ्यावा लागेल. त्याला एक हजार डॉलर दंड आणि एक ते दहा वर्षं कैद झाली. सर्वोच्च न्यायालयाने ती एकमताने रद्द केली. बोलण्याबद्दल शिक्षा करायची तर तीन गोष्टी एकत्र लागतात: चिथावणीचा हेतू, गुन्हा लगेच घडण्याचा धोका, आणि तो घडण्याची खरीखुरी शक्यता. सरकारी वकील बहुतेक वेळा 'लगेच'वर आपटतात. १९७३ च्या 'हेस विरुद्ध इंडियाना'मध्ये निदर्शक म्हणाला होता की रस्ता आम्ही नंतर पुन्हा ताब्यात घेऊ. त्या एका 'नंतर'वर तो सुटला.

पण सगळं मोकाट आहे असंही नाही. विशिष्ट माणसाला खरी धमकी दिली तर संरक्षण नाही. दहशत घालण्याच्या हेतूने क्रूस जाळण्यावर राज्य बंदी घालू शकतं (व्हर्जिनिया विरुद्ध ब्लॅक, २००३), मात्र क्रूस जाळला म्हणजे हेतू होताच असं गृहीत धरता येत नाही. मारहाण करताना बळी त्याच्या वंशामुळे निवडला तर शिक्षा वाढते. 'विस्कॉन्सिन विरुद्ध मिचेल' (१९९३) मध्ये दोन वर्षांच्या कमाल शिक्षेची चार वर्षं झाली. त्यात आरोपी कृष्णवर्णीय होता आणि मार खाणारा मुलगा गोरा, हे वादात सहसा कुणी सांगत नाही.

जर्सीकर
निळी_शाई यांच्या प्रतिसादाला एक जोड. पहिली घटनादुरुस्ती फक्त सरकारला बांधते. कंपनी खासगी असेल तर फेसबुकवरच्या पोस्टसाठी काढून टाकू शकते, अपवाद काही राज्यांचे आपापले कायदे. सरकारी विद्यापीठ बांधील आहे, खासगी विद्यापीठ फक्त आपल्या नियमावलीला. आणि कचेरीत एखाद्याला वंशावरून सतत टोचून बोलत राहिलं तर १९६४ च्या नागरी हक्क कायद्याचं सातवं प्रकरण मालकाला भोवतं. इथे नवीन आलेल्या मंडळींची गफलत नेमकी याच ठिकाणी होते. 'फ्री कंट्री आहे' म्हणत ग्रुपवर काहीही टाकतात आणि सोमवारी एचआरचं बोलावणं येतं.

साक्षेपी
कायदा नेहमीच असा नव्हता. १९५२ मध्ये 'बोहार्ने विरुद्ध इलिनॉय'त याच न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी समूहाच्या बदनामीचा कायदा वैध ठरवला होता. शिकागोत कृष्णवर्णीयांविरुद्ध पत्रकं वाटणाऱ्याला २०० डॉलर दंड झाला होता. तो निकाल आजतागायत औपचारिकपणे रद्द झालेला नाही, नुसता अडगळीत पडलाय. म्हणजे अमेरिका आपल्यासारख्या वाटेने जाऊ शकली असती.

आणि या स्वातंत्र्याची किंमत कोण मोजतं तेही बोला. १९७७ मध्ये नाझी गटाला शिकागोजवळच्या स्कोकीत मोर्चा काढायचा होता. गावची वस्ती सुमारे ७० हजार, त्यात निम्म्याहून जास्त ज्यू, त्यातले कित्येक छळछावण्यांतून वाचलेले. गावाने साडेतीन लाख डॉलरच्या विम्याची अट घातली, ती न्यायालयात टिकली नाही. शेवटी मोर्चा तिथे निघालाच नाही, शिकागोत निघाला. तत्त्व जिंकलं हे खरं, पण वर्षभर झोप कुणाची उडाली होती?

बखरकार
साक्षेपी, किंमतीचा मुद्दा रास्त आहे. पण ढाल कुणी घडवली तेही पाहा.

अमेरिकेत तोंड दाबण्याचा इतिहास बराचसा गुलामगिरीभोवतीच फिरतो. १८३५ मध्ये चार्ल्सटनच्या टपाल कचेरीतली गुलामगिरीविरोधी पत्रकं जमावाने जाळली. १८३६ ते १८४४ प्रतिनिधीगृहात नियमच होता की गुलामगिरीविरोधी अर्ज चर्चेविना बाजूला ठेवायचे. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स त्यावर आठ वर्षं भांडत होते. १८३७ मध्ये इलिनॉयमधल्या ऑल्टनला संपादक एलायजा लव्हजॉय आपला छापखाना वाचवताना मारले गेले. १८९२ मध्ये मेम्फिसला आयडा बी. वेल्स यांनी झुंडबळींवर लिहिलं म्हणून त्यांच्या पत्राची कचेरी उद्ध्वस्त झाली.

आणि आज ज्याला आपण अमेरिकी अभिव्यक्तिस्वातंत्र्य म्हणतो, तो कायदा नागरी हक्क चळवळीच्या खटल्यांतून आलाय. 'न्यूयॉर्क टाइम्स विरुद्ध सुलिव्हन' (१९६४) घ्या. मार्टिन ल्यूथर किंग यांच्या बचावनिधीसाठी २९ मार्च १९६० ला पानभर जाहिरात आली. तीत चुका होत्या: किंग यांना सात वेळा अटक झाली असं छापलं, प्रत्यक्षात चार, विद्यार्थ्यांनी म्हटलेलं गाणं वेगळंच. माँटगोमेरीच्या पोलीस खात्यावर देखरेख ठेवणारे नगरआयुक्त सुलिव्हन यांचं नावसुद्धा जाहिरातीत नव्हतं. त्या अंकाच्या साडेसहा लाख प्रतींपैकी अलाबामात गेल्या सुमारे ३९४. तरी तिथल्या ज्युरीने पाच लाख डॉलर ठोठावले. असे दावे टिकले असते तर उत्तरेकडच्या कुठल्याही पत्राला दक्षिणेतली बातमी छापणं परवडलं नसतं. सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पदाधिकाऱ्याने खोटेपणाची जाणीव किंवा सत्याबद्दलची बेफिकिरी सिद्ध करावी, नुसती चूक पुरेशी नाही.

आता ब्रँडेनबर्गकडे परत या. १९६६ मध्ये मिसिसिपीत पोर्ट गिब्सनला कृष्णवर्णीयांनी गोऱ्या दुकानदारांवर बहिष्कार घातला. चार्ल्स एव्हर्स यांनी जाहीर सभेत दम भरला, की बहिष्कार मोडणाऱ्याची मान मोडू. राज्याच्या न्यायालयाने एनएएसीपी या कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेवर आणि कार्यकर्त्यांवर साडेबारा लाख डॉलर लादले. १९८२ मध्ये ते सर्वोच्च न्यायालयात पुसले गेले, आणि आधार कुठला? क्लॅनवाल्या ब्रँडेनबर्गचा निकाल.

टवाळ
क्लॅनवाल्याने एनएएसीपीचे साडेबारा लाख वाचवले. असे देणगीदार सगळ्यांना लाभोत.

सह्यकडा
आता मूळ प्रश्न. आडून बोलणं सुरू झालं ते पोलिसांना घाबरून नव्हे, मतपेटीला घाबरून.

जॉर्ज वॉलेस या एकाच माणसावर नजर ठेवा. जानेवारी १९६३ मध्ये अलाबामाचा गव्हर्नर म्हणून शपथ घेताना त्याने वांशिक विलगीकरण आज, उद्या आणि कायम राहील असं ठणकावून सांगितलं. मग नागरी हक्क कायदा (१९६४) आणि मतदान हक्क कायदा (१९६५) आला. मिसिसिपीत कृष्णवर्णीय मतदारांची नोंदणी ६.७ टक्क्यांवरून १९६७ पर्यंत ६० टक्क्यांच्या आसपास गेली. १९६८ मध्ये तोच वॉलेस राष्ट्राध्यक्षपदासाठी उभा राहिला, तेव्हा तोंडी भाषा होती वॉशिंग्टनचे नोकरशहा, दंगेखोर, कायदा आणि सुव्यवस्था. साडेतेरा टक्के मतं आणि पाच राज्यं मिळाली. १९८२ ला तर जुन्या भूमिकेबद्दल माफी मागून, कृष्णवर्णीयांचीही मतं घेऊन पुन्हा गव्हर्नर झाला. कायद्याने त्याला या सगळ्या काळात एक शब्दही बदलायला लावला नव्हता.

याची कबुली आतल्याच माणसाने दिली आहे. रिपब्लिकन रणनीतीकार ली ॲटवॉटर यांनी १९८१ च्या मुलाखतीत सरळ सांगितलं: १९५४ ला जी शिवी उघड देता यायची ती १९६८ पर्यंत उलटायला लागली, म्हणून मग सक्तीचं बसिंग (वंशमिश्रणासाठी मुलांना बसने दूरच्या शाळांत पाठवणं), राज्यांचे हक्क, पुढे करकपात असं अमूर्त होत जायचं. त्याची ध्वनिफीत २०१२ मध्ये जाहीर झाली.

आणि ज्याने आडवळण सोडलं त्याचं काय होतं? ५ डिसेंबर २००२, सिनेटर स्ट्रॉम थर्मंड यांचा शंभरावा वाढदिवस. सिनेटमधले रिपब्लिकन नेते ट्रेंट लॉट म्हणाले, १९४८ मध्ये आम्ही यांना मत दिलं, बाकी देशाने दिलं असतं तर पुढची कटकट झाली नसती. १९४८ ची थर्मंड यांची उमेदवारी विलगीकरणासाठी होती. २० डिसेंबरला लॉट यांना सिनेटमधलं नेतेपद सोडावं लागलं. पंधरा दिवस. ना पोलीस, ना खटला.

पिंपळपान
सह्यकडा यांच्या यादीत एक आपल्या घरचं उदाहरण हवंच. ऑगस्ट २००६, व्हर्जिनिया. प्रतिस्पर्ध्याच्या प्रचारासाठी चित्रीकरण करणाऱ्या भारतीय वंशाच्या विद्यार्थ्याकडे बोट दाखवून सिनेटर जॉर्ज ॲलन भर सभेत त्याला 'मकाका' म्हणाले आणि वर 'अमेरिकेत स्वागत' केलं. मुलगा जन्मलेला व्हर्जिनियातच. कॅमेरा त्याच्याच हातात! ॲलन नऊ-साडेनऊ हजार मतांनी पडले आणि त्या जागेने सिनेटचं बहुमत फिरलं.

माझ्या मते शिवीपेक्षा ते 'स्वागत' जास्त बोलकं होतं. खरा अमेरिकन कोण हे चेहऱ्यावरून ठरवलेलं, आणि ठरवणारा निर्धास्त.

आडवाटे
एक मिनिट. या हिशोबाने कुठलंही वाक्य 'सांकेतिक' ठरवता येईल. ३ ऑगस्ट १९८० ला रेगन मिसिसिपीच्या नेशोबा काउंटी जत्रेत 'राज्यांच्या हक्कां'वर बोलले, याचं भांडवल चाळीस वर्षं चाललंय. अहो, ते भाषण मुख्यतः महागाई, कार्टर आणि कल्याणकारी योजनांवर होतं. राज्यांचे हक्क हा संघराज्याचा जुना सिद्धांत आहे. आज गांजाला परवानगी देणारी आणि स्थलांतरितांना आसरा देणारी डेमोक्रॅट राज्यं तोच सिद्धांत वापरतात. तेही वर्णद्वेषी का?

सह्यकडा
@आडवाटे, हरकत योग्य आहे, म्हणून तपासायचं कसं ते सांगतो.

आधी जागा आणि श्रोते. त्या जत्रेपासून थोड्याच मैलांवर जून १९६४ मध्ये चेनी, गुडमन आणि श्वर्नर या तीन कार्यकर्त्यांचे खून झाले होते. तिथे जाऊन तो शब्द काढायचा आणि खुनांबद्दल चकार शब्द नाही, तर ऐकणारा काय ऐकेल?

मग सातत्य. तत्त्व गैरसोयीचं झालं तरी तो माणूस ते धरून राहतो का? १८५० च्या पळपुट्या गुलामांच्या कायद्याच्या (पळालेले गुलाम मालकांना परत देण्याच्या) वेळी गुलामगिरीवाल्या दक्षिणेला राज्यांचे हक्क नको होते, उत्तरेच्या राज्यांवर केंद्राची सक्ती हवी होती. विस्कॉन्सिनच्या न्यायालयाने तो कायदा झुगारला, तेव्हा १८५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केंद्राच्या बाजूने निकाल दिला आणि दक्षिण खूश झाली. वर्ष-दोन वर्षांत हीच मंडळी राज्यांच्या हक्कांसाठी फुटून निघाली.

आणि शब्दांपेक्षा चित्रं पाहा. १९८८ च्या विली हॉर्टन जाहिरातीत निवेदक वंशाचा उल्लेखही करत नाही. मॅसॅच्युसेट्सची कैद्यांना सुट्टी देण्याची योजना, ती सुट्टी घेऊन पळालेला कैदी, त्याने केलेला बलात्कार, सगळं खरं. पण पडद्यावर त्याचा चेहरा. शिवाय ती बुश यांच्या अधिकृत प्रचाराची नव्हती, बाहेरच्या गटाची होती. हात झटकायची सोय मुळातच ठेवलेली असते.

आडवाटे
हॉर्टन मान्य. रेगन अमान्य. मौनाचा अर्थ लावायला बसलो तर कुणीच सुटणार नाही.

पिंपळपान
मतपेटी हे उत्तर अर्धंच आहे असं वाटतं. नुसत्या कृष्णवर्णीय मतांनी लॉट पडले नाहीत, त्यांना त्यांच्याच पक्षाने बाजूला केलं. कारण उपनगरातल्या गोऱ्या मतदारालाही स्वतःला वर्णद्वेषी म्हणवून घ्यायचं नसतं. तिथे चौकस यांचा तिसरा मुद्दा येतो: देशाची स्वतःबद्दलची प्रतिमा.

या प्रतिमेला शीतयुद्धाने धार आणली. १९४७ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांच्या पुढाकाराने एनएएसीपीने संयुक्त राष्ट्रांकडे कृष्णवर्णीयांच्या अवस्थेबद्दल अर्ज दिला. सोव्हिएत संघाने तो उचलून धरला आणि अमेरिकी शिष्टमंडळ अडचणीत आलं. डिसेंबर १९५२ मध्ये शाळांतल्या वांशिक विलगीकरणाच्या खटल्यात खुद्द न्यायखात्याने सर्वोच्च न्यायालयाला लिहून दिलं, की वंशभेद हे कम्युनिस्ट प्रचाराला मिळणारं खाद्य आहे. सप्टेंबर १९५७ मध्ये लिटल रॉकला नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना गोऱ्यांच्या शाळेत जाता यावं म्हणून सैन्य पाठवताना राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर टीव्हीवरून हेच सांगत होते, की आपले शत्रू या घटनेवर मिटक्या मारताहेत. तिथल्या नऊ विद्यार्थ्यांपेक्षा देशाच्या अब्रूची चिंता जास्त. स्पष्टच बोलायचं तर हेतू फारसा उदात्त नव्हता, उपयोग मात्र झाला.

कृष्णवर्णीय वक्त्यांनी ही प्रतिमाच हत्यार म्हणून वापरली. गुलामगिरीतून सुटलेले फ्रेडरिक डग्लस यांनी ५ जुलै १८५२ ला रॉचेस्टरमध्ये विचारलं, तुमच्या ४ जुलैशी गुलामाचा संबंध काय? पण स्वातंत्र्याचा जाहीरनामा त्यांनी फेकून दिला नाही, उलट त्याचाच दाखला दिला. किंग यांनी १९६३ ला त्याला वचनचिठ्ठी म्हटलं, न वटलेल्या धनादेशाची तक्रार केली. पैसे बुडालेत असं नाही, खात्यावर आहेत, द्या. या मांडणीला 'देशद्रोही' म्हणणं अवघड जातं.

दुसरी तऱ्हा म्हणजे वचन कधीच पूर्ण झालंय असं सांगणं. रिपब्लिकन निकी हेली यांच्यात दोन्ही दिसतात. २०१५ मध्ये चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊजणांची हत्या झाल्यावर साउथ कॅरोलिनाच्या गव्हर्नर म्हणून त्यांनीच राज्याच्या विधानभवनासमोरचा कॉन्फेडरेट (यादवी युद्धात फुटून निघालेल्या दक्षिणेचा) झेंडा उतरवण्याची बाजू लावून धरली. डिसेंबर २०२३ मध्ये न्यू हॅम्पशरला मतदाराने यादवी युद्धाचं कारण विचारलं, तर उत्तरात गुलामगिरीच नाही! जानेवारी २०२४ मध्ये म्हणाल्या, अमेरिका कधीच वर्णद्वेषी देश नव्हता. आणि डेमोक्रॅट कमला हॅरिस? एप्रिल २०२१ मध्ये त्याही म्हणाल्या होत्या, की अमेरिका वर्णद्वेषी देश आहे असं मला वाटत नाही. लगेच इतिहासाबद्दल खरं बोलायला हवं अशी पुस्ती जोडली. दोघी भारतीय आयांच्या लेकी, पक्ष परस्परविरोधी, आणि त्या एका वाक्यापाशी दोघी येऊन थांबतात. निवडणूक लढवायची तर देशाला वर्णद्वेषी म्हणता येत नाही. व्यक्तीला म्हणता येतं.

बखरकार
व्यक्तीलाही सगळीकडे नाही म्हणता येत! जुलै २०१९ मध्ये ट्रम्प यांनी चार महिला प्रतिनिधींना आपापल्या देशांत परत जा म्हटलं. चारपैकी तिघी अमेरिकेतच जन्मलेल्या. १६ जुलैला प्रतिनिधीगृहात निषेधाचा ठराव आला. सभापती नॅन्सी पेलोसी त्या वक्तव्याला वर्णद्वेषी म्हणाल्या. त्यावर रिपब्लिकनांनी जेफरसनच्या नियमपुस्तकाचा आधार घेऊन हरकत घेतली, कारण सभागृहात राष्ट्राध्यक्षांवर असा वैयक्तिक शेरा मारता येत नाही. खुर्चीत बसलेले इमॅन्युएल क्लीव्हर वैतागून हातोडी टाकून निघून गेले. शेवटी पेलोसी यांनी नियम मोडला असा निर्णय झाला, पण शब्द काढून टाकायचा प्रस्ताव १९० विरुद्ध २३२ ने पडला. निषेधाचा ठराव मंजूर झाला २४० विरुद्ध १८७ ने.

टवाळ
म्हणजे शेतात क्रूस जाळून बोललं तर चालतं, सभापतीने सभागृहात बोललं तर नियमभंग. लोकशाहीची आई थकली असेल.

साक्षेपी
अवांतर, पण महाराष्ट्राशी संबंध आहे आणि राहवत नाही म्हणून. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या गुलाममुक्तीसाठी झटणाऱ्या सदाचारी लोकांना अर्पण केली. त्याच वर्षी १३ एप्रिलला लुइझियानात कोलफॅक्सला गोऱ्या टोळीने कृष्णवर्णीयांची कत्तल केली. पुढे १८७६ च्या क्रुइकशँक निकालात त्यातल्या आरोपींच्या शिक्षा उडाल्या. न्यायालय म्हणालं, पहिली घटनादुरुस्ती फक्त काँग्रेसला बांधते. ती राज्यांना लागू व्हायला १९२५ उजाडलं. पुण्यात पोचलेली अमेरिका आणि लुइझियानातली अमेरिका एकाच वर्षातल्या.

बाबासाहेबांनीही १९४६ मध्ये ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडच्या अर्जाची प्रत मागितली होती. पिंपळपान यांनी लिहिलेला १९४७ चा अर्ज त्यानंतरचा.

जर्सीकर
मुलांना शिकायला पाठवणाऱ्यांसाठी: २०१९ पासून व्हिसाच्या अर्जात गेल्या पाच वर्षांतली समाजमाध्यमांवरची खाती द्यावी लागतात. जून २०२५ पासून विद्यार्थी व्हिसासाठी ती सार्वजनिक ठेवायला सांगतात. देशात असलेल्या परदेशी माणसालाही अभिव्यक्तीचं संरक्षण आहे हे न्यायालयांनी मानलंय. पण वकिलातीच्या खिडकीसमोर त्याचा फारसा उपयोग नाही. खातं लपवू नका, खोटी माहिती हे स्वतंत्र कारण होतं.

चौकस
भरपूर मिळालं. एक शंका उरली. रिपब्लिकन प्रतिनिधी स्टीव्ह किंग यांनी २०१९ मध्ये 'श्वेत वर्चस्ववादी' हा शब्द आक्षेपार्ह कधीपासून झाला असं विचारलं आणि पक्षाने त्यांना सगळ्या समित्यांतून काढलं. ही सरकारी सेन्सॉरशिप नाही का? सभागृह म्हणजे सरकारच ना?

निळी_शाई
रेषा अशी आहे. समिती हे सभागृहाने दिलेलं काम आहे, ते काढता येतं. निंदेचा ठरावही करता येतो, २०२२ च्या ह्यूस्टन कम्युनिटी कॉलेजच्या निकालात निर्वाचित मंडळाने सदस्याची केलेली निंदा वैध ठरली. पण निवडून आलेल्याला मतांबद्दल जागाच नाकारता येत नाही. १९६६ मध्ये जॉर्जियाच्या सभागृहाने ज्युलियन बाँड या कृष्णवर्णीय सदस्याला व्हिएतनाम युद्धाला विरोध केला म्हणून शपथ घेऊ दिली नाही. सर्वोच्च न्यायालयाने एकमताने सभागृहाला चूक ठरवलं. बाँड पुढे वीस वर्षं त्या विधिमंडळात होते. स्टीव्ह किंग यांचा निकाल मतदारांनी लावला, जून २०२० मध्ये पक्षांतर्गत निवडणुकीतच हरले.

आडवाटे
बाँड यांचं प्रकरण माहीत नव्हतं, आभार. रेगनवर मी जागचा हललेलो नाही.